परसबाग : पिवळ्या रेघांची कर्दळ



या वेळी खरं तर मी तुम्हाला अळूबद्दल सांगणार होते. मागच्या अंकात तसं कबूलही केलं होतं. पण मध्येच साताऱ्याहून एका मैत्रिणीचं पत्र आलं आणि मी अळूला म्हटलं, बाबा रे, तू आठवडाभर थांब. हे काम तातडीचं आहे.

ती लिहिते, "मावशी, आमच्या शाळेत नळाच्या मागे कर्दळीचं मोठं बेट आहे. यंदा तिच्या पानांवर पिवळ्या-पिवळ्या रेघा आल्या आहेत. शिपाईकाका म्हणतात, खत कमी पडलंय. बाई म्हणतात, नवी जात असेल, किती छान दिसते! आम्ही असं ठरवलंय की स्नेहसंमेलनाच्या दिवशी सगळ्या मुलांना एकेक गड्डा घरी लावायला द्यायचा. तर गड्डे कसे काढायचे ते सांगाल का?"

सांगते. पण आधी एक गोष्ट : थांबा! खुरपं खाली ठेवा. एकही गड्डा कुणाला देऊ नका. का, ते कळायला तुम्हाला माझी फजिती ऐकावी लागेल. ती सांगताना मला अजूनही थोडी लाज वाटते, पण इलाज नाही.

त्याआधी जरा कर्दळीशी ओळख करून घेऊ. तुम्ही म्हणाल, तिची कसली ओळख? रेल्वे स्टेशनवर, एसटी स्टँडच्या कडेला, दवाखान्याच्या आवारात, जिथे तिथे तर असते! खरंय. म्हणूनच तिच्याकडे कुणी नीट बघत नाही. उद्या एक फूल तोडून हातात घ्या आणि पाकळ्या मोजा बघू. चार? पाच? साफ चूक! ज्या रंगीत, रुंद, झालरीसारख्या दिसतात ना, त्या पाकळ्या नाहीतच. ते आहेत पुंकेसर. पराग तयार करायचं काम सोडून ते नटूनथटून बसलेत. खऱ्या पाकळ्या तीन, त्या खाली मागच्या बाजूला, अरुंद आणि टोकदार. आणि पराग? एकाच पुंकेसराच्या एका कडेला परागाची अर्धीच पिशवी चिकटलेली सापडेल. अख्खीसुद्धा नाही! आणखी गंमत म्हणजे, कळी उमलण्याआधीच हे पराग मधल्या चपट्या, पट्टीसारख्या भागावर उतरवून ठेवलेले असतात. सूर्यपक्षी किंवा मधमाशी मधासाठी आत घुसली की तिच्या अंगाला ते आपोआप लागतात.

जास्वंदीचं फूल मधोमध कापलं तर दोन सारखे भाग होतात. कर्दळीचं फूल कसंही कापा, दोन बाजू सारख्या येणारच नाहीत. चित्रकलेच्या वहीत हे फूल काढून बघा. बाईंना वाटेल तुमचा हात हलला.

कर्दळ मूळची आपली नव्हे. तिचं माहेर अमेरिका खंडाचा उष्ण भाग. नाव मात्र ‘कॅना इंडिका’. वेस्ट इंडीजलाही तेव्हा ‘इंडीज’च म्हणत, त्याचा हा घोटाळा. आपल्याकडे आल्यावर तिची पानं केळीसारखी दिसली, म्हणून नावही केळीच्याच वळणाचं मिळालं. संस्कृतात कदली म्हणजे केळ, आणि जुन्या मराठीत कर्दळी म्हणजेसुद्धा केळच. नाव ठेवणाऱ्यांची नजर वाईट नव्हती हं! केळ, हळद, आलं, सोनटक्का आणि कर्दळ या सगळ्या वनस्पती खरोखरच एका मोठ्या गोतावळ्यातल्या आहेत. जमिनीखालचा कर्दळीचा गड्डा बघा, आल्याची थोरली बहीणच वाटेल. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या भागात हे गड्डे पूर्वीपासून खातात. कोलंबियात त्याच्या पिठाची बिस्किटं करतात आणि व्हिएतनाममध्ये काचेसारख्या पारदर्शक शेवया. (म्हणून लगेच गड्डा उपटून आईकडे धावू नका. गटाराच्या पाण्यावर वाढलेली कर्दळ खायची नसते.)

बागेतल्या मोठ्या फुलांच्या जाती ही एकोणिसाव्या शतकातली करामत. फ्रान्समध्ये आने आणि क्रोझी यांनी वेगवेगळ्या कर्दळींचे संकर करून त्या घडवल्या. आपल्याकडे कोलकात्याच्या अलीपूरला एक जुनी बागायत संस्था आहे. विल्यम केरी यांनी ती १८२० साली सुरू केली. हो, मराठीचं व्याकरण १८०५ साली छापणारे तेच केरी! त्या संस्थेच्या बागेत पर्सी-लँकेस्टर घराण्यातल्या बागतज्ज्ञांनी कर्दळीचे कितीतरी नवे रंग तयार केले.

हं, आता माझी फजिती.

माझ्या आजीचं घर अलिबागजवळ. मागच्या दारी न्हाणी, न्हाणीचं पाणी जिथे बाहेर पडे तिथे अळू, दोन केळी आणि लाल कर्दळ. कुणी मुद्दाम पाणी घालत नसे. आंघोळी झाल्या की झाडांचं पोट भरे. ती कर्दळ अगदी साधी, बारीक फुलांची, पण इतकी दाट की लपंडावात आत शिरलं तर कुणाला सापडायचं नाही. कर्दळ सांडपाण्यातली घाण शोषून घेते, म्हणून आता ठिकठिकाणी सांडपाणी शुद्ध करायच्या वाफ्यांत मुद्दाम कर्दळ लावतात. आजीला ते कुणी शिकवलेलं नव्हतं. ती म्हणायची, "कर्दळ आहे तोवर परसात चिखल होत नाही."

आजी गेली, त्यानंतर मी त्या बेटातला एक गड्डा पुण्याला आणला आणि आमच्या सोसायटीच्या कडेच्या वाफ्यात लावला. मस्त वाढली. दोन वर्षांनी मी एका प्रदर्शनातून मोठ्या पिवळ्या फुलांची एक कर्दळ विकत आणली आणि हौसेने तिच्या शेजारी लावली. तिच्या पानांवर थोड्या फिकट रेघा होत्या. मला वाटलं, असेल जातीचीच नक्षी. एकाच विळ्याने दोघींची सुकलेली दांडी कापत गेले. पुढच्या पावसाळ्यात आजीच्या कर्दळीच्या पानांवरही पिवळ्या रेघा उमटल्या. आणि मी काय केलं असेल? खूश झाले! म्हटलं, वा, आजीची कर्दळ वाघासारखी पट्टेदार झाली. गड्डे काढले, कागदात बांधले आणि सोसायटीतल्या सात घरांत वाटले. वर ऐटीत सांगितलं, "आजीची आठवण आहे हं, जपा."

सहा महिन्यांनी दुसऱ्या जिन्यातल्या एक निवृत्त बाई भेटल्या. त्यांनी आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं. त्यांनी पान उन्हासमोर धरलं आणि म्हणाल्या, "अगं, ही नक्षी नाही. हा रोग आहे. विषाणूचा."

म्हणजे व्हायरस. आपल्याला सर्दी-फ्लू होतो तसेच झाडांनाही विषाणूंचे आजार होतात. कर्दळीवर अशा दोन-तीन विषाणूंची खास मेहेरनजर आहे. मावा, पिठ्या ढेकूण असे रस पिणारे किडे तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. आणि किड्यांपेक्षा हौशी माणसं जास्त नेतात! एका गड्ड्यात रोग असला की त्याच्या प्रत्येक तुकड्यात तो असतो. मी सात घरांत आजीची आठवण नाही, आजार वाटला होता. माणसाला त्याचा काही त्रास होत नाही, पण झाड खुजं होतं, पानं वाकडी होऊन तपकिरी पडतात, फुलांवर डाग येतात. आणि औषध? नाही. कुठलीही फवारणी, कुठलंही खत विषाणू लागलेल्या कर्दळीला बरं करत नाही. उपटून टाकणं एवढंच हातात राहतं.

मग मी सातही घरी पुन्हा गेले. देताना मिरवत गेले होते, आता जिना चढताना पाय जड झाले. सहा घरी कुणी हसलं, कुणी "बरं झालं सांगितलंत" म्हणालं. एका काकूंनी तर तो गड्डा लावलाच नव्हता, कागदातच वाळून गेला होता! पण तळमजल्यावरचे आजोबा काही बोलेनात. त्यांनी खिडकीखाली रांग लावली होती. एका झाडाला कळा आला होता. ते म्हणाले, "दसऱ्यापर्यंत राहू दे. एवढं फुलेल आणि मग मीच काढतो."

मी काय म्हणायला हवं होतं? झाड ठेवलं तर शेजारच्या वाफ्यातल्या निरोगी कर्दळींना धोका. काढा म्हणावं, तर रोग आणला कुणी? मीच ना! मी ‘बरं’ म्हणून परत आले. आठ दिवसांनी पाहिलं तर खिडकीखालची माती उकरलेली. आजोबांनी पानाखाली मावा बघितला आणि कळ्यासकट सगळं झाड स्वतःच काढून टाकलं होतं. मला ते काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

म्हणून साताऱ्याच्या मैत्रिणी, तुझं पत्र वाचल्यावर मी अळूला थांबवलं.

आता तुमच्या बेटाला रोगच झालाय का, ते आधी नीट ठरवायला हवं, कारण प्रत्येक पिवळं पान आजारी नसतं. अगदी खालची जुनी पानं पिवळी पडून गळतात, ते म्हातारपण. पाणी कमी पडलं की पानांच्या कडा करपतात. खत कमी असेल तर अख्खं पान सारखंच फिकं दिसतं. आणि ‘बेंगॉल टायगर’ नावाची एक खरीखुरी पट्टेदार जातही आहे. पण तिचे पट्टे शिरांच्या बाजूने सरळ, सलग आणि प्रत्येक पानावर सारखे असतात, जणू पट्टी धरून आखलेत. विषाणूच्या रेघा तशा नसतात. त्या तुटक असतात, कुठे ठिपका, कुठे डाग, एका पानावर पुष्कळ तर दुसऱ्यावर दोनच. सकाळच्या उन्हासमोर सगळ्यात नवं पान धरून बघा, लगेच ध्यानात येईल.

(एक गमतीची गोष्ट मात्र रोग समजू नका. पानावर एका ओळीत, अगदी सारख्या अंतरावर गोल भोकं दिसली तर ते अळीचं काम. पान गुंडाळलेल्या सुरळीत असतानाच अळी आरपार खात जाते, आणि पान उलगडलं की कागद दुमडून कातरल्यासारखी नक्षी तयार! अळी वेचून लांब टाकली की झालं. कर्दळ अशी भोकं मनावर घेत नाही.)

तरी शंका राहिली तर ही परीक्षा करा. बेटातल्या एका बाजूचे चार-पाच दांडे जमिनीलगत कापा, दोन घमेली शेणखत घाला, पाणी द्या आणि महिनाभर थांबा. नवी पानं हिरवीगार आली तर शिपाईकाका बरोबर, भूकच होती. नव्या पानांवरही तुटक रेघा आल्या तर सगळं बेट काढायचं. गड्ड्याचा लहानसा तुकडाही मातीत राहू द्यायचा नाही, नाहीतर तो पुन्हा फुटतो. काढलेलं झाड खताच्या खड्ड्यात टाकू नका. मोठ्या माणसांच्या मदतीने ते वाळवून कचरागाडीत द्या. खुरपं, विळा, कात्री साबणाने खसखसून धुवा. वर्षभर त्या जागी झेंडू लावा आणि कर्दळीचं एखादं चुकार पान डोकं वर काढतंय का, त्यावर लक्ष ठेवा.

आणि परीक्षेत कर्दळ पास झाली, तर खुशाल वाटा! गड्डा काढायचा तो मेअखेरीस किंवा पहिल्या पावसात. बाजूने खणून आख्खा ढेकूळ उचला. तोडताना प्रत्येक तुकड्याला दोन-तीन डोळे, म्हणजे फुटव्याच्या जागा, राहतील असं बघा. बटाट्याला असतात तसेच. दोन-तीन इंच खोल पुरा, डोळे वर करून. दोन गड्ड्यांत हात-दीड हात अंतर ठेवा. सुरुवातीला दाटी करायचा मोह होतो, पण कर्दळ वर्षात आपली जागा स्वतः घेते. ऊन भरपूर हवं, निदान पाच-सहा तास. सावलीत नुसती पानंच मिळतील. बाल्कनी असेल तर कुंडी बारा-चौदा इंची घ्या, रंगाचा जुना डबा खाली भोकं पाडून चालेल. पाण्याच्या बाबतीत ही राणी आहे, तिला कोरडं ठेवलेलं आवडत नाही.

एक चूक पुष्कळ जण करतात. पहिला तुरा सुकला की दांडा मुळापासून उडवतात. थांबा ना! त्याच दांड्यावर खालच्या बाजूला दुसरा तुरा यायचा असतो. सुकलेला तुरा तेवढा खुडायचा. दुसराही संपला की मग दांडा जमिनीलगत कापायचा, कारण एकदा फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही. त्याची जागा शेजारचा नवा फुटवा घेतो. दोन-तीन वर्षांनी बेट फार दाटलं, फुलं कमी झाली, की खणून पुन्हा विरळ करायचं. बास. एवढंच.

आता तुम्ही विचाराल, मावशी, मग आजीची कर्दळ गेली ती गेलीच का?

मलाही तसंच वाटलं होतं. अलिबागचं घर तोवर विकलं गेलं होतं आणि न्हाणीच्या जागी फरशी आली होती. मग दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर एक खुळखुळा सापडला. आजीने माझ्या धाकट्या भावासाठी केलेला. पावडरचा छोटा पत्र्याचा डबा, आत कर्दळीच्या बिया, वरून फडकं शिवलेलं. कर्दळीचं फळ तुम्ही पाहिलंच असेल, बाहेरून काटेरी दिसतं पण हाताला मऊ लागतं. वाळलं की आत काळ्या, गोल, गुळगुळीत, छऱ्यासारख्या बिया. इंग्रजीत तर कर्दळीला ‘इंडियन शॉट’, म्हणजे छऱ्यांचं झाडच म्हणतात. झिंबाब्वेत ‘होशो’ नावाचं तालवाद्य असतं, त्याच्या भोपळ्यातही याच बिया खुळखुळतात.

डबा हलवला, आणि मला एक वाचलेली हकिकत आठवली. अर्जेंटिनात सान्ता रोसा दे तास्तिल नावाच्या जागी जुन्या थडग्यात अक्रोडाच्या कवचांची एक माळ मिळाली. तोही खुळखुळाच! एका कवचात कर्दळीचं बी होतं. कवचाला भोक नव्हतं. म्हणजे अक्रोड झाडावर कोवळा, मऊ असतानाच कुणीतरी बी आत खुपसलं होतं आणि मग कवच भरून आलं होतं. कार्बन-१४ पद्धतीने कवचाचं वय काढलं, ते निघालं सुमारे ६०० वर्षं. बी त्याहून लहान असणं शक्यच नाही. आणि ते बी रुजलं! शास्त्रज्ञांनी १९७१ साली हे प्रसिद्ध केलं. हवा आणि पाणी आत शिरू न देणारं कवच एवढं पक्कं असतं.

सहाशे वर्षांचं बी उठतं, तर आजीचं पंचवीस-तीस वर्षांचं का नाही? शिवाय डब्यातलं बी रोग येण्याच्या कितीतरी आधीचं. मी फडकं उसवलं. अकरा बिया निघाल्या. नुसत्या पेरल्या असत्या तर वर्षभर दगडासारख्या पडून राहिल्या असत्या. मी प्रत्येक बी पॉलिश पेपरवर एका बाजूने घासलं, आतला पांढरा ठिपका दिसेपर्यंत, त्याहून जास्त नाही. मग कोमट पाण्यात एक दिवस-रात्र भिजत ठेवलं आणि अर्धा इंच खोल पेरलं. तुम्हीही असंच करा. ताज्या बिया साधारण एक ते तीन आठवड्यांत उगवतात. मोठ्या फुलांच्या संकरित जाती पुष्कळदा बी धरत नाहीत आणि धरलं तरी रोप आईसारखं निघेलच असं नाही, तेव्हा साधी, बारीक फुलांची कर्दळ शोधा.

माझ्या अकरांपैकी सात तशाच कुजल्या. चार रुजल्या. पहिला कोंब दिसला तेव्हा मी घरात सगळ्यांना ओरडून बोलावलं. कुणाला त्यात एवढं ओरडण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

त्यातली दोन रोपं मी तळमजल्यावरच्या आजोबांना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून प्रत्येक पान उन्हासमोर धरलं, पुढून बघितलं, मागून बघितलं. मग म्हणाले, "विळा तुझा आणू नकोस. माझा वेगळा आहे."

तर साताऱ्याच्या मैत्रिणी, तुमच्या परीक्षेचा निकाल महिन्याभराने मला कळव. स्नेहसंमेलनाला गड्डे देता आले नाहीत, तर पॉलिश पेपरचा तुकडा आणि चार-चार बियांची पुडी द्या. पुडीवर कसं घासायचं ते लिहा. आणि हो, मला दाखवायला म्हणून आजारी पान पाकिटात घालून पाठवू नका. फोटो पाठवा, तो पुरेल.

पुढच्या अंकात नक्की अळू. त्याला आता आणखी थांबवलं तर तो खाजवेल.

तुमची,
परसबागेची मावशी